साक्षगंधाआधी लॉन पुन्हा हिरवं होईल का?

पत्र: नमस्कार. आमचं घर बेसा रोडला आहे. समोर वीस बाय तीस फुटांचं लॉन आहे. चार वर्षांपूर्वी नर्सरीवाल्याने 'सिलेक्शन नंबर वन' म्हणून लावून दिलं होतं. यंदा पोळ्याच्या आधीपासून झड लागली आणि महिनाभर माळीदादा आलेच नाहीत. गवत वीतभर वाढलं. महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी ते ब्रश कटर घेऊन आले आणि अर्ध्या तासात सगळं जमिनीलगत उडवलं. "बाई, आता पंधरा-वीस दिवस पाहाचं काम नाही," म्हणाले. सकाळी उठून बघते तर अख्खं लॉन तणसासारखं पिवळं. आज दहा दिवस झाले. मधूनमधून हिरवे ठिपके दिसतात, बाकी तसंच आहे. शेजारचे काका म्हणतात, भरपूर युरिया टाका. मिस्टर म्हणतात, उपटून टाकू आणि नवीन आणू. सासूबाई तर बोलेनाशाच झाल्या आहेत. त्या रोज पूजेला याच लॉनमधल्या दूर्वा खुडायच्या. मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तुळशीच्या लग्नानंतर घरीच, याच लॉनवर करायचं ठरलंय. तोवर हिरवं होईल का? आणि पुढे कापायचं तरी कसं? — बेसा रोडवरील एक वाचक

ताई,

होईल. बहुतेक सगळं होईल, आणि त्यासाठी उपटायची काहीच गरज नाही. तुमचं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, कारण चांगलं चार वर्षांचं, मुरलेलं लॉन एका दुपारी असं होतं, हे मी नागपुरात दर पावसाळ्याच्या शेवटी पाहते. पण तुम्ही दहा दिवसांत लिहिलंत आणि ऊन-पावसाचे उत्तम दिवस अजून हातात आहेत.

आज एक काम करा. सकाळी दव वाळल्यावर त्या पिवळ्या भागात गुडघे टेकून बसा आणि बोटांनी काड्या बाजूला सारा. जमिनीला चिकटून आडव्या पळणाऱ्या दोऱ्यांसारख्या वेली दिसतील. त्यातली एक उचला आणि नखाने हलकं खरवडा. आतून पांढरट-हिरवी, ओलसर आणि टणक लागली तर ती जिवंत आहे. पेराजवळ तांदळाच्या दाण्याएवढं टोकदार कोंब दिसलं तर उत्तमच. खरवडल्यावर कागदासारखी तपकिरी साल निघाली आणि आत पोकळ लागलं, तर तेवढा तुकडा मेला. असं दहा-बारा ठिकाणी करून पाहा. तुमच्याकडे हिरवे ठिपके आपोआप येतायत, त्यावरून मला खात्री आहे की बहुतेक ठिकाणी पांढरटच निघेल.

आता हे पिवळं झालं का, ते समजून घ्या. ते एकदा कळलं की कापायचं कसं हा तुमचा दुसरा प्रश्न अर्धा सुटतो. 'सिलेक्शन नंबर वन' ही हरळीचीच निवडलेली जात. हरळी म्हणजे दूर्वा. शेतकरी जिला शेतातून काढता काढता थकतो आणि आपण जी गणपतीला वाहतो, तीच. या गवताचा हिरवा भाग वरवर सरकत जातो. ते बुटकं असलं की अगदी खालपर्यंत पानं असतात. वाढू दिलं की खाली सावली पडते, खालची पानं गळतात आणि उरते नुसती पिवळट काडी. तुमचं गवत वीतभर झालं तेव्हा हिरवं होतं ते वरच्या चार बोटांत. माळीदादांनी नेमकी ती चार बोटं कापून नेली आणि महिनाभर झाकलेल्या काड्या उघड्या पडल्या. म्हणजे लॉन कापल्यावर वाळलं नाही. ते पिवळेपण खाली आधीपासून होतंच, फक्त दिसत नव्हतं.

नुकसान मात्र खरं आहे. पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते सगळं एका दमात गेलं की नवी पानं काढायला गवताला वेलीत आणि मुळांत साठवलेल्या शिदोरीवर हात टाकावा लागतो, आणि तेवढे दिवस मुळांची वाढ थांबते. अशा वेळी त्यावर पुन्हा कापणी, ढीगभर युरिया किंवा कडक ऊन आलं तर शिदोरी संपते. मरतं ते तेव्हा.

म्हणून काकांना नम्रपणे नाही म्हणा. युरिया द्यायचा आहे, पण आत्ता नाही आणि भरपूर तर कधीच नाही. ज्याला पानंच नाहीत त्याला खत ओढून घेता येत नाही, आणि जास्त झालेला युरिया उलट मुळांतलं पाणी ओढतो. लॉनवर जळाल्यासारखे गोल डाग पडतात ते त्यामुळेच. अजून आठ-दहा दिवस फक्त ओल राखा. पाऊस असेल तर काही करू नका. चार दिवस उघाड मिळाली तर सकाळी पाणी द्या, संध्याकाळी नको. रात्रभर ओल्या राहिलेल्या गवतावर बुरशी लगेच बसते. वर पडलेल्या सुटलेल्या काड्या फणीच्या दाताळ्याने हळूच ओढून काढा, म्हणजे कोंबांना ऊन लागेल. जोर लावू नका, वेली उपटून येतील.

निम्म्याहून जास्त लॉन हिरवट दिसू लागलं की मग खत. तुमचं लॉन 600 चौरस फूट, म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर. चौरस मीटरला 10 ग्रॅम या हिशोबाने अर्धा किलोच्या किंचित वर युरिया पुरे. तो दोन घमेली चाळलेल्या कोरड्या रेतीत मिसळा. निम्मा लांबीच्या दिशेने चालत फेका, निम्मा रुंदीच्या दिशेने. पानं कोरडी हवीत, आणि फेकून झाल्या झाल्या पाणी द्यायचं. तीन आठवड्यांनी तेवढाच एक हात आणखी. यापुढे तुळशीच्या लग्नापर्यंत युरियाचं पोतं बंद.

दसऱ्यापर्यंत जिथे काहीच उगवलं नाही, ते तुकडे खुरप्याने दोन बोटं मोकळे करा. लॉनच्या कडेच्या भरगच्च भागातून मुळं असलेल्या काड्या काढा आणि वीतभर अंतरापेक्षा जवळ जवळ टोचा. पायाने दाबून पाणी द्या. दसऱ्यानंतरचं ऊन हरळीला मानवतं. दिवसाचा पारा 30 ते 35 च्या घरात असतो तेव्हाच ती सगळ्यात जोमाने पळते. नोव्हेंबरच्या शेवटी रात्री गार पडू लागल्या की ती मंदावते. म्हणून जे करायचं ते दिवाळीच्या आत.

आता कापण्याचं.

एकच हिशोब पक्का धरा: एका वेळी पानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. तुमच्या गवताला घरगुती लॉनसाठी साडेतीन सेंटिमीटर उंची छान. म्हणजे ते सव्वापाचच्या आसपास गेलं की कापायची वेळ झाली. मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी काढून दारामागे अडकवा. तिचं शून्य जमिनीला टेकवून पाच-सहा ठिकाणी बघायचं, अर्धा मिनिट लागतो. मी अजूनही बघते, कारण डोळा फसवतो. पावसाळ्यात गवत दाट दिसतं पण उंच वाटत नाही, आणि दोन दिवसांची झड झाली की एकदम हाताबाहेर जातं.

या हिशोबात वार बसत नाही. दर दुसऱ्या रविवारी माळी, ही पद्धत जानेवारीत चालेल, कारण तेव्हा गवत फारसं वाढतच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र त्याला पाचव्या-सहाव्या दिवशी कापणी हवी असते. तिथेच सगळ्यांची गाडी रुळावरून घसरते. पंधरा दिवसांनी येणारा माणूस पुढचे पंधरा दिवस पुरावं म्हणून खोल कापतो, आणि आपणही 'जरा बारीक करा हो' असं वर सांगतो. तुमचं घर सोडून बोलते, पण माझ्या अनुभवात दहातल्या आठ घरी हे वाक्य मालकाच्याच तोंडचं असतं. म्हणून माळीदादांवर रागावू नका. त्यांना जे सांगितलं गेलं आणि जे अवजार हातात होतं, त्यात त्यांनी काम केलं. त्यांच्याशी बसून बोला. महिन्याचे पैसे तेच, पण पावसाळ्यात फेऱ्या वाढवायच्या आणि प्रत्येक फेरीत थोडंच कापायचं. प्रत्येक वेळचं काम हलकं होतं, म्हणून बहुतेक जण तयार होतात. नाही जमलं तर मधली कापणी तुम्ही घरच्यांनी करा, ती अवघड नाही.

आणि पुन्हा कधी झडीमुळे गवत हातभर वाढलंच, तर? तर ते एका दिवसात खाली आणायचं नाही. आज बारा सेंटिमीटर असेल तर आठवर आणा. चार-पाच दिवस थांबा, खालच्या भागाला ऊन लागू द्या, तिथे नवी पानं फुटतील. मग साडेपाच, पुन्हा चार-पाच दिवस, मग साडेतीन-चार. आठ-दहा दिवस जातात, पण लॉन एक दिवसही पिवळं पडत नाही. या पहिल्या उंच कापण्यांसाठी कात्री किंवा ब्रश कटर चालतो, फक्त तो उंच धरता आला पाहिजे.

ब्रश कटरबद्दल स्पष्टच सांगते. धुऱ्यावरचं तण, प्लॉटमधलं रान, कुंपणाकडेची झुडपं यासाठी ते फार कामाचं यंत्र आहे. लॉनसाठी नाही. माणूस तो डावी-उजवीकडे झुलवत चालतो, त्यामुळे मधे खोल आणि कडेला उंच अशा लाटा पडतात. त्याची नायलॉनची दोरी पान कापत नाही, फटकारून तोडते. कापलेलं एक पान उजेडात धरून पाहा. धार चांगली असेल तर टोक सरळ असतं, कागद कापल्यासारखं. दोरीने किंवा बोथट पात्याने तोडलेलं असेल तर टोकाला पांढरे धागे लोंबतात. दोन दिवसांनी ते धागे वाळतात, आणि लांबून पाहिलं की सगळ्या लॉनवर राखेचा हात फिरवल्यासारखी छटा येते. लोक त्याला रोग समजून औषध मारतात. औषध नको असतं, धार लावायची असते.

तुमच्या वीस बाय तीसला हाताने ढकलायचा साधा मोअर पुरतो. दंडगोलासारखी फिरणारी पाती आणि खाली एक आडवी पट्टी असते तो. पेट्रोल नको, वायर नको. कात्रीसारखं कापतो, म्हणून हरळीला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. चौदा इंची घेतला तर फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवूनही लॉन वीस फेऱ्यांत संपतं. त्याची एक अट आहे: गवत वेळच्या वेळी कापलं पाहिजे. सात-आठ सेंटिमीटरच्या वर गेलं की तो अडकतो, गवत आडवं पाडून वरून निघून जातो. एका अर्थी हे बरंच आहे, तो तुम्हाला आळस करू देत नाही. विजेचा किंवा पेट्रोलचा, आडवं एकच पातं गरगर फिरणारा मोअर वाढलेल्या गवतावरही चालतो. घरात गुडघ्याचा त्रास असेल तर तोच घ्या. पण विजेचा चालवाल तर घरच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असल्याची खात्री करा, वायर खांद्यावरून मागे सोडा आणि ओल्या गवतावर कधीही चालवू नका. पात्याला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, पेट्रोलचा असेल तर स्पार्क प्लगची वायर काढायची. मशीन बंद आहे एवढं पुरेसं नाही. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर आणि लॉनच्या बाहेर फरशीवर. जिथे सांडेल तिथलं गवत मरतं.

ढकलत्या मोअरची धार घरी तपासता येते. मोअर फरशीवर उलटा करा. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी फिरतं पातं आणि खालची पट्टी यांच्यामध्ये धरा, बोटं लांब ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवा. कागद कर्रकन स्वच्छ कापला गेला तर ठीक. दुमडून आत ओढला गेला तर बाजूच्या स्क्रूने पट्टी अगदी किंचित पात्याकडे सरकवायची. डावीकडे, मधे आणि उजवीकडे, तिन्ही जागी बघा. आमच्याकडच्या मशीनचं उजवं टोक दर पावसाळ्यात सैल होतं आणि लॉनवर एक बारीक न कापलेली रेघ सोडत जातं. ती रेघ दिसली की मी कागद घेऊन बसते.

उंचीचा आकडा मशीनवर लिहिलेला असला तरी विश्वास पट्टीवर ठेवा. मोअर सपाट फरशीवर ठेवायचा आणि फरशीपासून खालच्या कापत्या पट्टीपर्यंत मोजायचं. तीच तुमची खरी उंची.

कापायला कधी निघायचं? सकाळी नऊ-साडेनऊनंतर, दव वाळल्यावर. ऊन कडक असेल तर संध्याकाळी पाचला. आधी एक चक्कर मारून गोटे, सुपारीएवढे खडे, पोरांचे बॉल, वायरचे तुकडे उचला. लहान मुलं आत. फिरतं पातं खडा गोफणीसारखा भिरकावतं. मी एकदा खिडकीची काच गेलेली पाहिली आहे आणि एकदा एका माळ्याच्या नडगीला टाके पडलेले. म्हणून चप्पल घालून हे काम कधीच करत नाही, करू देत नाही. ब्रश कटर चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चश्मा हवाच. घरात नसेल तर माळीदादांना तुम्ही आणून द्या.

सुरुवात कडेने करा. चारही बाजूंनी दोन फेऱ्या मारल्या की मशीन वळवायला जागा होते. मग सरळ रेषेत, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर चार बोटं चढवत. वळताना मशीन जागच्या जागी पिळू नका, कडेच्या कापलेल्या पट्टीवर गोल घ्या. पुढच्या वेळी दिशा बदला, आज लांबीने तर पुढे रुंदीने. एकाच दिशेने कापत राहिलं की गवत त्या बाजूला लोळायला शिकतं आणि चाकांच्या त्याच त्याच वाटा दबून जातात.

कापलेलं गवत गोळा करायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार आहात. वेळच्या वेळी कापत असाल तर नका करू. बोटाच्या पेराएवढे तुकडे असतात, त्यात बहुतेक पाणीच. दोन-तीन दिवसांत खाली जिरून जातात आणि त्यातला नत्र लॉनला परत मिळतो. त्यामुळे वर्षभरात खताचा चौथा हिस्सा तरी वाचतो. मात्र लांब वाढलेलं कापलं आणि वर ओल्या गाद्या पडल्या, तर त्या त्याच दिवशी उचला. एका रात्रीत खालचं गवत पांढरं पडतं. ते उचललेलं गवत झाडांच्या आळ्यात पातळ पसरा, बुंध्याला चिकटवून ढीग नको.

आता आपल्या मातीबद्दल. बंगळुरूच्या माणसाचा लॉनविषयीचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, त्याचं कारण ही काळी माती. ओली झाली की फुगते आणि लोण्यासारखी होते, वाळली की भेगाळते. ओल्या काळ्या मातीवर मशीन घालणं ही लॉनची सगळ्यात मोठी हानी, खोल कापण्याहूनही मोठी, कारण ती भरून यायला वर्ष लागतं. माझ्या पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दोन झडींच्या मधे अर्धा दिवस ऊन पडलं म्हणून मी भाड्याचं पेट्रोल मशीन चालवलं. चाकं दोन इंच रुतली. ऑक्टोबरात त्या चाकोऱ्या वाळून सिमेंटच्या नालीसारख्या घट्ट झाल्या. पाणी तिथे साचायचं, मुळं आत जाईनात, आणि पुढच्या मारबतीपर्यंत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, माझ्या लॉनवर दोन समांतर टकले पट्टे होते. तेव्हापासून एकच परीक्षा: बुटाने लॉनवर चार पावलं चालायचं आणि तळवा बघायचा. माती चिकटली तर आज कापायचं नाही. वाढलं तरी चालेल, मग ते वर सांगितलं तसं टप्प्याटप्प्याने खाली आणता येतं. ढकलता मोअर हलका असल्यामुळे उघाडीच्या दुसऱ्या दिवशीही चालवता येतो. पेट्रोलच्या मशीनला बहुतेक वेळा आणखी दिवस द्यावा लागतो.

याच मातीच्या फुगण्या-आटण्याने लॉनला उंचवटे आणि खड्डे पडतात. उंचवट्यावरून मशीन गेलं की तेवढ्यापुरतं गवत टक्कल होतं. लोक त्या जागेला खत घालत राहतात, पण दोष समतलपणाचा असतो. दिवाळीनंतर नाही, आत्ताच, हिरवं परत आलं की चाळलेलं कुजकं शेणखत आणि कन्हानची रेती निम्मी-निम्मी मिसळून खड्ड्यात एकेक सेंटिमीटर भरा. पानांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. ती वर आली की पुढचा थर. उंचवटा मोठा असेल तर तो पुढच्या वर्षी मृगानंतर काढू. वर्षातून एकदा खोल कापायची मुभा आहे ती तेव्हाच. पाऊस लागला, पुढे चार महिने वाढीचे आहेत, अशा वेळी जुन्या काड्यांचा गादीसारखा थर काढून टाकला तर लॉन नवं होतं.

लॉनमधे लव्हाळा हे तण असेलच. दोन दिवसांत गवताच्या वर फिकट हिरवी टोकं काढतो तो. कापून तो मरत नाही, खाली गाठ असते. पावसाने माती मऊ असताना खुरप्याने गाठीसकट काढत राहा, दुसरा उपाय घरच्या लॉनला मी सांगत नाही. खरा अटकाव दाट, उंचीने सांभाळलेली हरळीच करते. टकली जागा दिसली की आधी तोच शिरतो.

उन्हाळ्याचं आत्ता थोडक्यात. एप्रिलपासून उंची पाच सेंटिमीटरवर न्या, मुळांवर सावली राहील. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, मशीन बाहेर काढूच नका. आणि कूलरच्या टाकीतलं साचलेलं पाणी लॉनवर ओतू नका. आपल्याकडे सगळेच ओततात. पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत मागे उरतात, तेच आपण गवताला पाजतो. पांढऱ्या खपल्या धरलेल्या खसच्या ताट्या पाहिल्या असतीलच, त्याच खपल्या मातीत जातात.

आता साक्षगंध. दसऱ्यापर्यंत कापायचं नाव नको, पण मधे कुठे पाच सेंटिमीटर झालं तर हलक्या हाताने चारवर आणा. दसरा ते दिवाळी दर पाच-सहा दिवसांनी, साडेतीनवर. नियमित वरवर कापल्याने हरळी आडवी पसरते आणि दाट होते, म्हणजे टकलं भरून काढायला ही कापणीच मदत करते. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी हिरवेपणा कमी वाटला, पानं फिकट आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर आपल्या चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही हे त्याचं नेहमीचं कारण असतं. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी बारीक फवारा. तीन-चार दिवसांत रंग गडद होतो. कोटा फरशी आणि टाइल्सवर ते पाणी पडू देऊ नका, गंजाचे डाग बसतात ते निघत नाहीत.

शेवटची कापणी दोन दिवस आधी, त्याच दिवशी नाही. पाणी तीन दिवस आधी भरपूर द्या आणि मग बंद. आदल्या दिवशी पाणी दिलं की काळ्या मातीत खुर्च्यांचे पाय रुततात आणि पाहुण्यांच्या साड्यांचे काठ भरतात. मांडववाल्याला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: मॅट सकाळी अंथरायची आणि पंगती उठल्या की लगेच गुंडाळायची, आणि शेगडी, तव्याचे स्टॉल, गरम तेल सगळं फरशीवर. उकळतं तेल सांडलेली जागा महिनोन्‌महिने काळी राहते.

राहिल्या सासूबाई. त्यांचं रुसणं बरोबर आहे, ताई. मुळापासून कापायची नसतेच दूर्वा. तीन पानांची कोवळी दूर्वा फुटायला शेंडा वाढता हवा, आणि सतत कापल्या जाणाऱ्या लॉनमधे ती खुडण्याएवढी लांब कधी होत नाही. म्हणून तुळशी वृंदावनाजवळचा तीन बाय तीन फुटांचा तुकडा त्यांच्यासाठी वेगळा ठेवा. तिथे मशीन नाही, युरिया नाही, कसली फवारणी नाही. दोन महिन्यांतून एकदा त्यांनीच कात्रीने वरवर छाटायचा. कुठला कोपरा हवा ते त्यांनाच विचारा आणि चार खुंट्या ठोकून सुतळी आजच बांधून घ्या, म्हणजे पुढच्या फेरीला माळीदादांना लांबूनच दिसेल.